महमूदभाईच्या दारातली रेघ

भोकरखडीत अजून असं बोललं जातं की महमूद मणियारानं आपला ओटा एका रात्रीत दोन हात रस्त्यावर सरकवला.

सांगणारा सांगताना आवाज खाली आणतो. "राती निजलो तवा ओटा तिकडं हुता वो. सकाळी उठून बघतोय तर हिकडं!" ऐकणारा थोडा शहाणा असला तर विचारतो, "दगडी ओटा सरकंल कसा?" मग सांगणारा हात झटकतो. "ते काय आपल्याला ठावं न्हाई. पर सरकला." त्या सालात अशा गोष्टीला पाय लवकर फुटत, आणि पाय फुटलेली गोष्ट देवळाली प्रवरेपर्यंत चालत जाई. तिथल्या बाजारात एका बाईनं खुद्द महमूदच्या बायकोला, हमिदाभाभीलाच विचारलं, "तुमच्या गावात कुनी तरी रस्ता गिळला म्हनं?" हमिदाभाभी म्हणाली, "व्हय. मीच बसते की त्याच्यावर."

खरी गोष्ट अशी की ओटा जागचा तसूभर हलला नव्हता. बहात्तरच्या दुष्काळात महमूदचे वडील खडी फोडायच्या कामावर होते. ते काम सुटल्यावर त्यांनी आणलेल्या काळ्या दगडात तो बांधला. लांबी नऊ फूट, रुंदी तीन हात, उंची बाईमाणसाला सहज टेकता येईल इतकी. चौऱ्याण्णवच्या संक्रांतीच्या तोंडावर महमूदच्या पेठ गल्लीतून जे नाहीसं झालं ते दुसरंच काही होतं, आणि ते महमूदच्या दारात सोडून सगळ्यांच्या दारातून नाहीसं झालं.

महमूदभाई तेव्हा पंचेचाळिशीचा. उंच, किडकिडीत, गळ्याला बारा महिने मफलर. वैशाखात कुणी टोकलं तर म्हणायचा, "दुकान झाकून ठेवावं लागतं." बांगड्यांचा धंदा घराण्याचा, पण त्याच्या बोटांना तो जमला नाही. पहिल्याच वर्षी त्यानं एका नवरीच्या हातावर अर्धा डझन बांगड्या वाढवल्या, तेव्हापासून बांगड्या भरायचं काम हमिदाभाभीकडं गेलं आणि महमूदभाई भोंग्याकडं. सायकलच्या कॅरियरवर भोंगा, दांडीला खोक्यात बॅटरी, हँडलला मशीन, माइकला बांधलेला निळा रुमाल. तंबूतला सिनेमा असो, सप्ताह असो, हरवलेली शेळी असो की ग्रामपंचायतीची पाणीपट्टी, गावाला ती आधी महमूदभाईच्या तोंडून कळायची.

त्याला तीन आवाज होते. भोंग्यावर पुस्तकातला, चौकात गावातला आणि घरात घरचा. भोंग्यावर "कळविण्यात येते" म्हणणारा माणूस खाली उतरल्यावर "सांगतो काय तुमाला" म्हणायचा, आणि दार लोटून आत गेला की "अगे, चा रख" म्हणायचा. भोंग्यावरचा त्याचा 'की' प्रसिद्ध होता. "भोकरखडी आणि परिसरातील तमाम बंधू आणि भगिनींना कळविण्यात येते कीऽऽऽ" हा 'की' मारुतीच्या देवळाशी निघायचा आणि पिठाच्या गिरणीपाशी संपायचा. मधल्या घरांना नुसती ईऽऽऽ ऐकू यायची. त्यांना काय कळवलंय ते पुढच्या फेरीत कळे.

एकदा सरपंच उत्तमरावांचे चुलते वारल्याचा निरोप आला. महमूदभाईनं आवाज ओला करून गावभर जाहीर केलं. दुपारच्या एस.टी.नं चुलते उतरले, दारातली माणसं बघून त्यांनी टोपी काढली आणि हळूच विचारलं, "कोन गेलं?" त्या दिवसापासून महमूदभाईचे दोन नियम झाले. डोळ्यानं बघितल्याशिवाय मयत जाहीर करायची नाही, आणि अर्थ कळल्याशिवाय शब्द उच्चारायचा नाही.

दुसऱ्या नियमामुळंच पुढचं सगळं झालं.

कारखान्याचा गळीत हंगाम जोरात होता. उसाच्या ट्रॉल्या पेठ गल्लीतून जायच्या. त्यातली एक ट्रॉली गल्लीत अशी अडकली की मागं नाही, पुढं नाही. दोन दिवस गल्लीतली पोरं ऊस खात होती आणि दोन दिवस ग्रामसेवक भाऊसाहेब तालुक्याची बोलणी खात होते. तिसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीचा कागद निघाला. भाऊसाहेबांनी तो महमूदभाईच्या हातात दिला. 'गावठाणातील रस्त्यावरील अतिक्रमणे संबंधितांनी स्वखुशीने काढून घ्यावीत.'

"भाऊसाहेब, ह्ये अतिक्रमण म्हंजी नेमकं काय?"

"तुला काय करायचंय? वाच फक्त."

"वाचणार न्हाई. इच्यारून येतो."

तो सायकल घेऊन शाळेत गेला. रंगनाथ गुरुजी सातवीची हजेरी घेत होते. महमूदभाई दारात उभा राहिला, गुरुजींनी हजेरी थांबवली.

"क्रम म्हणजे पाऊल टाकणं," गुरुजी म्हणाले. "अति म्हणजे पलीकडं. आपलं पाऊल आपल्या जागेच्या पलीकडं पडलं की अतिक्रमण."

"म्हंजी जास्तच की."

"जास्त नव्हे. जास्त झालं तर अतिरेक. आमटीत मीठ जास्त पडलं, अतिरेक. तू तुझ्या ताटावरून उठलास आणि माझ्या आमटीत मीठ टाकलंस, अतिक्रमण."

"मग उल्लंघन?"

"ते नियमाचं. एका सायकलीवर तिघांनी बसू नये हा नियम. बसले, तर उल्लंघन झालं. पण त्यातला मागचा पुढं सरकला आणि तुला सीटवरून ढकललं, तर?"

"तर अतिक्रमण," महमूदभाई म्हणाला.

"शाब्बास. बस खाली," गुरुजी सवयीनं म्हणाले आणि सातवीचा वर्ग खो खो हसला.

घरी जाऊन त्यानं हमिदाभाभीला सांगितलं. भाभी बांगड्यांचे तोडे दोऱ्यात ओवत होती. ती म्हणाली, "मतलब हद के बाहर जाना."

"हौ."

"तो सीधा हद बोलो ना. हद सबको समझता."

"सबको समझता, सरकार को नै समझता."

मंगळवारच्या बाजारात भोंगा वाजला. "…अतिक्रमण म्हणजे आपले पाऊल आपल्या जागेच्या पलीकडे. मग ती पायरी असो, ओटा असो, पत्रा असो की न्हाणीचे पाणी असो. आपले ते आपल्या जागेत, रस्त्याचे ते रस्त्यावर. स्वखुशीने, स्वखुशीने, स्वखुशीने!" तिसऱ्या 'स्वखुशीने'ला आवाज असा काही चढला की भाजीवाल्या दोघींनी आपल्या पाट्या हातभर मागं ओढल्या.

गावानं शब्द उचलला. गाव नवा शब्द उचलतं तसाच, म्हणजे दिसेल तिथं वापरून. एस.टी.त तिसरा माणूस सीटवर टेकला की आधीचे दोघं म्हणू लागले, "पाव्हनं, अतिक्रमन काढा जरा." जेवताना धाकट्यानं थोरल्याच्या ताटातली भाकरी ओढली की आई ओरडायची, "अतिक्रमन करू नगंस, मुस्काट फोडीन." एका सुनेनं सासूच्या चुलीवर आधण ठेवलं, तर सासू चार घरं सांगत फिरली की आमच्या हिनं चुलीवर अतिक्रमन केलंया. गुरुजींचा तास घंटेनंतर लांबला तेव्हा मागच्या बाकावरून कुणी तरी म्हणालं, "गुरुजी, वेळेचं." गुरुजींनी त्याला उभं केलं आणि मग, वापर बरोबर होता म्हणून, खाली बसवलं.

शब्द सगळीकडं गेला. पायरी मात्र कुणीच काढली नाही. प्रत्येकाला वाटत होतं की शब्द शेजाऱ्याविषयी आहे.

शनिवारी संध्याकाळी भाऊसाहेब स्वतः आले. बरोबर ग्रामपंचायतीचा शिपाई पुंजाराम, एक भोकं पाडलेला डबा भरून चुना, आणि कारखान्याच्या ओव्हरसियरकडून मागून आणलेला टेप. रस्त्याच्या मध्यापासून दहा फूट इकडं, दहा फूट तिकडं, आणि तिथं चुन्याची रेघ. पुंजाराम डबा हलवत वाकून चालला. रेघ उत्तमरावांच्या गव्हाणीच्या पोटातून गेली. रंगनाथ गुरुजींचं तुळशीवृंदावन रस्त्यात राहिलं. महमूदभाईच्या शेजारणीच्या, लंकाबाईच्या दोन्ही पायऱ्या रस्त्यात राहिल्या. महमूदभाईच्या ओट्यावर रेघ चढली, भिंतीपासून एक हात सोडून आडवी गेली आणि उतरली. तीन हातांतले दोन हात रस्त्याचे निघाले.

महमूदभाई बघत होता. गल्लीत सगळ्यांचंच तसं होतं, आणि सगळ्यांचं असलं की माणसाला एकट्याचं काही वाटत नाही.

सहाची शेवटची राहुरी गाडी होती. भाऊसाहेबांनी घड्याळ बघितलं. "यादी उद्या करू. रेघ काय पळून जातीय?"

भाऊसाहेब राहुरीत वरच्या मजल्यावर राहायचे. त्यांच्या दारात सडा पडत नसे.

पेठ गल्लीत मात्र पडायचा. सूर्य उगवायच्या आत, खराट्यानं झाडून, शेणाच्या पाण्यानं, उंबऱ्यापासून थेट रस्त्याच्या मध्यापर्यंत. समोरची बाई तिच्या बाजूनं मध्यापर्यंत यायची. रस्ता ग्रामपंचायतीचा असला तरी पहाटे तो दोघींचा असे. लंकाबाईनं कंदील वर धरून रेघ बघितली आणि म्हणाली, "कुन्या मेल्यानं दारात चुना सांडून ठिवला?" तिनं झाडला, सडा टाकला, आणि वर सात ठिपके सात ओळींची रांगोळी काढली. काही बायकांना रेघ कशाची ते ठाऊक होतं, काहींना नव्हतं. खराटा सगळ्यांचा सारखाच चालला.

गल्लीत सडा न टाकणारं घर एकच होतं. हमिदाभाभी केरसुणीनं कोरडं झाडायची. त्या सकाळी तिनं रेघेच्या अलीकडचं झाडलं, पलीकडचं झाडलं आणि रेघ तशीच ठेवली. वर कुणाची शेळी, कुणाचं पोर तिच्यावरून जाऊ नये म्हणून दोन्ही टोकांना एक एक वीट उभी केली. महमूदभाई दात घासत बाहेर आला. म्हणाला, "ये क्या?"

"सरकार की लकीर है. पोछने की नै."

अकराच्या गाडीनं भाऊसाहेब आले. गल्ली हिरवीगार सारवलेली, दारोदार रांगोळ्या. ते मधोमध उभे राहिले.

"रेघ कुठाय?"

"हुती की," पुंजाराम म्हणाला.

"मग गेली कुठं?"

"सड्यात."

"सगळी?"

"न्हाई. महमूदभाईच्या दारात हाय. नऊ फूट."

"टेप आण."

"टेप ओव्हरसियर सायबाच्या कपाटात. कपाटाची चावी सायबाच्या खिशात. सायेब सासुरवाडीला, बुधवारी येनार."

अहवाल सोमवारी तालुक्याला जायचा होता. भाऊसाहेबांनी वही मांडीवर घेतली आणि जे दिसलं ते लिहिलं. 'अतिक्रमणधारकांची संख्या : एक. नाव : महमूद उस्मान मणियार. मुदत : बुधवार.'

"भाऊसाहेब," महमूदभाई म्हणाला, "आन बाकीचे?"

"बाकीच्यांची रेघ दाखव. लगेच लिहितो."

महमूदभाईनं गल्लीत वरपासून खालपर्यंत नजर टाकली. रांगोळ्या छान आल्या होत्या. त्याला दाखवता येईना.

दुपारपर्यंत गावानं गोष्ट उलटी वाचली. रेघ एकाच्याच दारात आहे, म्हणजे रेघ ओलांडली ती एकानंच. शिवाय परवापर्यंत हाच भोंग्यावरून सगळ्यांना अर्थ शिकवत होता! चावडीपाशी कुणी तरी म्हणालं की ओटा आधी एवढा पुढं नव्हताच. दुसरा म्हणाला, नव्हताच. तिसऱ्यानं रात्री दगडांचा आवाज ऐकला होता. मंगळवारपासून महमूदभाई ज्या शब्दाचा अर्थ गावाला सांगत हिंडला, तो शब्द शेपटीला 'धारक' लावून त्याच्याच नावावर येऊन बसला. ओट्यापेक्षा हे त्याला जास्त लागलं. ओटा गेला तर बांधता येतो, पण सतरा वर्षं सायकल मारून, तो जे बोलतो ते खरं असतं एवढी एकच गोष्ट त्यानं गावात कमावली होती.

संध्याकाळी लंकाबाई आली. साठीची बाई, शेजार जन्माचा. ओट्यावर बसून तिनं तंबाखूची मशेरी दाताला लावली आणि म्हणाली, "म्हमूदा, उद्या पहाटं एक बादली तुझ्याबी दारात टाकते. माझ्या हाताला काय, नऊ फूट आनखी."

"नगं आक्का."

"का रं? शेन माझं, हात माझा."

"भाऊसाहेबानं लिवून नेलंया."

"कागदावर लिवलंय. कागुद काय तुझा ओटा बघाया येतोय?"

महमूदभाईनं कलती वीट सरळ केली. मग म्हणाला, "आक्का, आत्ता रेघ हाय आन कागद हाय. उद्या रेघ गेली की निस्ता कागद. आन कागदावर मी एकला."

लंकाबाईला हे पटलं नाही, पण तिनं बादली टाकली नाही.

सोमवारी पंचायतीची दवंडी द्यायची होती. पुंजारामनं कागद दिला आणि कानाशी लागून म्हणाला, "नाव घिऊ नगंस. 'एक अतिक्रमन आढळून आलं' एवढंच म्हन. कोन इच्यारतंय?"

"दुसऱ्याचं असतं तर घेटलं असतं का?"

"दुसऱ्याचं घेटलंच असतंस की."

"मग."

त्यानं रुमाल नीट बांधला, फू फू केलं आणि मारुतीच्या देवळापासून निघाला. 'की' नेहमीइतकाच लांब होता, एक घर कमी नाही. त्याच आवाजात, ज्या आवाजात तो शेळीचे रंग सांगायचा, त्यानं सांगितलं, "…पेठ गल्ली येथे एक अतिक्रमण आढळून आले असून अतिक्रमणधारकाचे नाव महमूद उस्मान मणियार असे आहे. सदर इसमाने आपला ओटा बुधवारपर्यंत स्वखुशीने काढून घ्यावा. हुकमावरून." चावडीपाशी त्यानं ते दोनदा सांगितलं, कारण तिथं नेहमी दोनदा सांगायचं असे. आपल्या गल्लीतही शिरला. ओट्यावर हमिदाभाभी एका लेकुरवाळीच्या हातात बांगडी चढवत होती. बांगडी अंगठ्याच्या हाडापाशी आली होती. नाव ऐकताना भाभीचा हात क्षणभर थांबला, मग तिनं तळवा दाबला आणि बांगडी आत सरकवली.

मंगळवारी सकाळी त्यानं पहार, घण आणि छिन्नी घेतली. बाजाराचा दिवस सोडला. भोंगा भिंतीला उलटा टेकवून ठेवला. वडिलांच्या हातचा ओटा तोडायचा तर सरळ तोडायचा, असं त्याच्या मनात होतं. म्हणून त्यानं गवंड्याकडून सूत आणलं, चुन्याच्या रेघेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत धरलं. पण नऊ फुटांत सूत ताठ राहीना. त्यानं एक टोक लांब नेऊन वरच्या अंगाला विजेच्या खांबाच्या तणाव्याला बांधलं आणि दुसरं खाली पारापाशी खिळा ठोकून. मग सूत वाजवून बघितलं. टणक झालं होतं.

तो खाली वाकून दगड फोडत बसला. गल्ली मात्र उभी राहून सुताकडं बघत होती. वरच्या अंगाला जाताना सूत उत्तमरावांच्या गव्हाणीतून गेलं होतं, म्हैस ते चाटत होती. खालच्या अंगाला ते लंकाबाईच्या दुसऱ्या पायरीच्या आतून, गुरुजींच्या तुळशीच्या मागून आणि पुढं आणखी कशाकशाच्या आतून पारापर्यंत गेलं होतं. ते पुसायचं म्हटलं तर सडा कामाचा नव्हता.

लंकाबाई पायऱ्यांवर उभी राहिली, तेव्हा ती रस्त्यात उभी होती हे सगळ्यांना दिसत होतं.

"म्हमूदा, ह्ये मुद्दाम केलंस तू."

"आक्का, सूत सरळ धरलं. वाकडं धराया पायजे हुतं का?"

बुधवारी ओव्हरसियरच्या टेपासाठी आलेले भाऊसाहेब गल्लीच्या तोंडाशीच थबकले. मग हात वर करून पळत आले. "सोडू नका! कुणी सोडू नका सूत!" त्यांनी वही काढली. या बाजूची सोळा घरं सुतावरून लिहिली आणि समोरची अकरा, सुतापासून वीस फूट मोजून. सत्तावीस. महमूदभाईचं नाव खोडलं, कारण तोवर ओट्याचे दोन हात तुटून झाले होते आणि दगड भिंतीशी रचून ठेवले होते. राहिला तो एक हात ओटा. मांजर बसेल एवढा. बाकीच्यांना मुदत मिळाली ती संक्रांतीनंतरची.

आता गल्ली भडकली. पुरुष चावडीपाशी पुटपुटले आणि गप्प बसले. बायका गप्प बसल्या नाहीत. "नावं ठिवाया भोंगा पुरंना व्हय, म्हून सूत लावलं?" "आमच्या सड्यावर डोळा हुता त्याचा." लंकाबाईनं तर गल्लीच्या मधोमध उभं राहून, हमिदाभाभीला ऐकू जाईल असं सांगितलं, "ह्या संक्रातीला देवळालीच्या कासाराकडं जायाचं. समद्या जनी. टेम्पो सांगू एक."

संक्रांतीच्या आधीचे दोन दिवस म्हणजे हमिदाभाभीचं वर्ष. भोगीच्या दिवशी पेठ गल्लीतली एकही बाई आली नाही तर पुढच्या आषाढापर्यंत घर फक्त भोंग्यावर चालवावं लागणार होतं. आणि पंचायत भोंगा पुन्हा महमूदभाईला देईल की नाही, हे उत्तमरावांच्या गव्हाणीवर अवलंबून होतं. त्या संध्याकाळी भाभीनं पेट्या उघडल्या, तोडे मोजले, पुन्हा बंद केल्या. म्हणाली, "सही किया तुमने. पर बैठेंगे कहाँ वो लोग? आये तो भी." महमूदभाई मफलर सोडून पुन्हा बांधत राहिला.

हे लिहिणारी तेव्हा दहावीत होती, लंकाबाईच्या पलीकडच्या घरात राहायची आणि घागरीत तोंड घालून महमूदभाईचा आवाज हुबेहूब काढायची. इतका की एकदा तिच्या 'की'वर विश्वास ठेवून चार माणसं रॉकेलच्या रांगेत जाऊन उभी राहिली होती. बुधवारी संध्याकाळी ती त्याच्याशी पैज लावून बसली. ती म्हणाली, "उद्या एक बी बाई येनार न्हाई." तो म्हणाला, "येतील." ती म्हणाली, "आल्या तर बसतील कुठं?" तो म्हणाला, "ते त्या बघतील. जागा कशी करायची ते ह्या गल्लीतल्या बायांना शिकवावं लागत न्हाई." हे तो हसून म्हणाला, पण मफलर तिसऱ्यांदा बांधत म्हणाला. ती हरली तर वर्षभर महमूदभाईचा आवाज काढायचा नाही. तो हरला तर तिला एक दिवस खराखुरा भोंगा.

भोगीला सकाळी हमिदाभाभी एक हात ओट्यावर पाय दुमडून, पाठ भिंतीला चिकटवून बसली. पेट्या मांडीशी. साबणाचं पाणी वाटीत. आठ वाजले, नऊ वाजले. देवळालीला जायचा टेम्पो पारापाशी येऊन उभा राहिला. त्यात तिघी चढल्या. लंकाबाई चौथी. तिनं एक पाय फळीवर ठेवला आणि टेम्पोचा दांडा धरायला हात वर केला, तसं तिला स्वतःचं मनगट दिसलं. मागच्या दिवाळीला त्या देवळालीच्या कासारानं तिथलं सालटं काढलं होतं. गावातल्या प्रत्येक मनगटाचं माप तोंडपाठ असलेली बाई जिल्ह्यात एकच होती आणि ती समोर भिंतीला चिकटून बसली होती.

लंकाबाईनं पाय खाली घेतला. घरात गेली, गोणपाट घेऊन आली आणि सुताच्या पलीकडं, भर रस्त्यावर, हमिदाभाभीच्या समोर अंथरून बसली.

"आले म्हून राग ग्येला असं समजू नगंस."

"न्हाई समजत," भाभी म्हणाली. "उजवा द्या."

"पायऱ्या जात्यात माझ्या."

"माझा ओटा गेला. उजवा द्या की आक्का, मूठ सोडा."

लंकाबाईनं मूठ सोडली. टेम्पोतल्या तिघी उतरल्या. मग समोरची आली, तिची जाऊ आली, उत्तमरावांच्या घरची दोघी आल्या. कुणी पाट आणला, कुणी पोतं. कुणी दिवाळीत काढलेली सतरंजी. ओट्यावर एका वेळी चौघी मावायच्या. रस्त्यावर अकरापर्यंत वीस-बावीस झाल्या. गाजर, बोरं, हरभऱ्याचे घाटे भाजीसाठी आणले होते, ते तिथंच निवडायला घेतले. बांगड्या भरून झालेली प्रत्येक जण रीतीप्रमाणं हात जोडून हमिदाभाभीला नमस्कार करायची आणि उठायची नाही.

अकराच्या गाडीनं भाऊसाहेब वही घेऊन आले, ते सतरंजीच्या काठाशी थांबले.

"बायांनो, हे अतिक्रमण आहे," ते म्हणाले.

"व्हय," लंकाबाई डावा हात पुढं करत म्हणाली. "ठावं हाय आमाला अर्थ. वरून जा वळसा घालून."

भाऊसाहेब वळसा घालून गेले. महमूदभाई सायकल धरून गिरणीपाशी उभा होता. त्याला घरी जायला वाट नव्हती, आणि तो जायच्या घाईत दिसत नव्हता.

हे लिहिणारी पैज हरली. वर्षभर तो आवाज काढायचा नाही. तिनं ते पाळलं.